चंद्र तुझ्या पाठीमागं होता

मुश्ताक,

या आठवड्यात रमजानचा चांद दिसला. सांगलीजवळ माधवनगरला तुमच्या गच्चीवर दरवर्षीसारखी सगळी गल्ली जमली होती. पोरं पाण्याच्या टाकीवर चढली होती, बायका कठड्याशी उभ्या होत्या आणि जो तो दुसऱ्याला बोट करून दाखवत होता. "अगं त्या टॉवरच्या डाव्या अंगाला बघ, तिथं काय बघतीस!" मीही होतो. तुझी अम्मी वर आली, डोक्यावरची ओढणी सारखी केली, दुवा मागितली आणि कुणाशी न बोलता खाली गेली. चाचा आलेच नाहीत. ते खाली बंद ठेवलेल्या मागाजवळ खुर्ची टाकून बसले होते. वर "दिसला, दिसला" असा गलका झाला तेव्हा त्यांनी मान आणखी खाली घातली.

तू गेल्यापासून तोवर तुझ्या वडिलांनी चंद्राकडं बघितलं नव्हतं. यंदाचे रोजे त्यांनी लोकांच्या शब्दावर धरले.

तुझ्यावर कॉलेजच्या वार्षिक अंकात लिही, असं विभागातल्या सरांनी मला सांगितलं. तूच त्याचा जवळचा, म्हणाले. जन्म, शिक्षण, स्वभाव, छंद असं ओळीनं लिही आणि शेवटी दोन ओळी कवितेच्या टाक. मी हो म्हणालो, कारण मला सरांना नाही म्हणता येत नाही, हे तुला माहीत आहे. पण लिहायला बसलो तर त्यातलं काहीच पुढं येत नाही. मला एवढंच सांगायचं आहे, की तुझ्यावर आळ आला आहे आणि तो खोटा आहे. हे नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. प्रयत्न करतो.

आपली ओळख पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला झाली. एका टेबलाला दोघं, म्हणून तुझ्या वाट्याला मी आलो. तू माझं नावही विचारलं नाहीस.

"कुठला रं तू?"

"फलटणकडचा."

"मग तिकडं सातारा जिल्ह्यात कॉलेजं बुडाली का काय?"

"हिथं हॉस्टेल मिळालं."

"बरं. ए फलटण, ती वायर धर."

त्या दिवसापासून मी फलटण. माझ्या खऱ्या नावानं तू मला एकदाही हाक मारली नसशील. माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, तुझ्या घरात तू. मी काय शिकतो असं कुणी विचारलं की आमचे आबा सांगायचे, "ते करंटचं कायतरी." चाचा सांगायचे, "आमचं पोरगं चंद्राचं शिकतंय." आपल्या अभ्यासक्रमात चंद्राचं पुरतं एक पानही नव्हतं. पण तू ते चाचांना कधी सांगितलं नाहीस आणि मीही नाही.

विभागाच्या कपाटात एक जुनी दुर्बीण धूळ खात पडली होती. तिला उभी करायला पाय नव्हते. तू ती मागून घरी नेलीस. चाचा मागाचे जॉबर, बिघडलेला माग चालू करून देणं हे त्यांचं काम. त्यांनी भंगारात निघालेल्या मागाच्या लोखंडातून दुर्बिणीला तीन पायांचं तिकाटणं करून दिलं. त्याच्या सांध्याला तेल सोडताना ते म्हणाले, "माग बिघडला तर मला बोलवा. चंद्र बिघडला तर तुमचं तुमी बघा."

आपण तिघंही किती हसलो होतो तेव्हा. आता चाचांना त्या तिकाटण्याचा राग येतो. "मीच पाय दिलं त्या दुर्बिणीला," असं ते मला म्हणाले.

चंद्रावर ठसठशीत, गोल, काठ शाबूत असलेली विवरं कितीतरी आहेत. नवशिकी माणसं तीच बघतात. तू त्यातलं एकही काढलं नाहीस. तू निवडलंस ते दक्षिणेकडच्या खडबडीत भागातलं एक मोठं, झिजलेलं विवर. नकाशात त्याला कुणा परदेशी माणसाचं नाव आहे. काठ जागोजाग ढासळलेला, एका बाजूला त्याच्याच अंगावर दुसरं नवं विवर चढून बसलेलं आणि तळात एक लांब वाकडी भेग. पौर्णिमेला शोधायला गेलं तर ते नाहीच. सगळा चंद्र लखलखीत आणि हे जागेवरून गायब. उजेड समोरून पडला की सावली उरत नाही आणि सावली नसली की ते दिसत नाही. चवथ-पंचमीच्या संध्याकाळी, ऊन तिथं नुकतंच पोचत असतं तेव्हा, मोडक्या काठाची लांब सावली पडते. मग कळतं की इथं केवढं मोठं काहीतरी होतं.

मला ते सुरुवातीला दिसतच नव्हतं. "कुठाय?" म्हणून मी दुर्बिणीला डोळा लावून विचारायचो आणि तू म्हणायचास, "बघत राहा. तुला सगळं पटकन पायजे."

ते मला खरं कळलं आमच्या गावी. दिवाळीच्या सुट्टीत तू आमच्याकडं आला होतास. आमच्या वावरात आजोबांच्या काळातली एक विहीर होती, ती त्यांनीच पुढं बुजवली. भर दुपारी तिथं उभं राहिलं तर नुसतं सपाट रान. "विहीर कुठाय?" तू विचारलंस. या वेळी "थांब" म्हणायची पाळी माझी होती. दिवस कलला, ऊन तिरपं झालं आणि नांगरटीत हळूहळू एक गोल खळगा उमटून आला. तू चपला काढल्यास आणि त्याच्या काठाकाठानं चालत गेलास. मग एकदम ओरडलास, "फलटण, ही तीच हाय! चंद्रावरची!"

बांधावरून आबांनी विचारलं, "काय झालं रं पावण्याला? विंचू चावला का काय?"

तेव्हापासून त्या विवराचं नाव आपल्यापुरतं 'बुजकी विहीर' झालं. परदेशी नाव तू परत कधी घेतलं नाहीस.

ते विवर मेलेलं आहे, असं माझं म्हणणं होतं. तू चिडायचास. "म्हातारं हाय. मेलं असतं तर सावली पडली असती व्हय?" मी विचारलं होतं, चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, मग ते झिजलं कशानं? तू पेन्सिलीला टोक करत म्हणालास, "मार खाऊन. बारक्या बारक्या दगडांचा. एका दगडानं कोण जात न्हाई गड्या. पण पडतच राहिलं की काठ जातो." तेव्हा मला ते नुसतं विज्ञान वाटलं. तू गेल्यावर लोक जे बोलले, ते ऐकताना मला तुझं हे वाक्य रोज आठवत होतं.

आपला दुसरा वाद तर मिटलाच नाही. मी म्हणायचो, नेटवर याचे एवढे स्वच्छ फोटो आहेत, तू महिन्याच्या महिन्याला डोळे ताणून काढतोस त्यात नवीन काय? तू म्हणायचास, "ते त्यांनी बघितलंय. मी कुठं बघितलंय?" तुझा नियम एकच होता. दिसलं तेवढंच काढायचं. ढग आला की पेन्सिल खाली. एक दगड आधीच्या चित्रात होता म्हणून या चित्रात घालायचा नाही. माझ्या एका चित्रात मी नकाशात बघून काठ पुरा केला, तर तू तो कागद माझ्या हातात परत दिलास. "हे तू काढलंस. पण हे तुला दिसलं न्हाई." मला राग आला होता. अजूनही वाटतं, एवढं ताणायची गरज नव्हती. पण हे आता कुणाशी भांडू?

तुमच्या गच्चीवर काम करायची तुझी एक पद्धत होती, ती मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचली नाही. दिवस मावळला तरी तू लगेच दुर्बिणीला डोळा लावायचा नाहीस. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघत बसायचास. त्यात अम्मीची लाल ओढणी असायची आणि चाचांची पांढरी लुंगी. उजेड उतरायला लागला की सगळ्यात आधी ती लाल ओढणी काळी पडायची. पांढरी लुंगी मात्र कितीतरी वेळ दिसत राहायची. "लाल गेलं," तू म्हणायचास. "डोळं तयार झालं. चल." लाल रंग संधिप्रकाशात सगळ्यात आधी जातो, हे मी तुझ्याकडून शिकलो, तेही दोरीवरच्या कपड्यांवरून. खालचे घरचे माग चालू असले की मात्र गच्ची थरथरायची आणि दुर्बिणीतला चंद्र नाचायचा. मग तू जिन्यातून ओरडायचास, "अब्बा, जरा वेळ!" आणि चाचा खालून "तुझ्या चंद्राला काय घाई हाय का!" म्हणत का होईना, माग थांबवायचे.

भाद्रपदातली चवथ आठवते? गणपती बसले होते. पावसाळाभर आभाळ झाकलेलं आणि नेमकं त्या संध्याकाळी उघडलं. तू दुर्बीण लावलीस आणि मी पाठ करून उभा राहिलो. आईनं फोनवर बजावलं होतं, चवथीचा चंद्र बघू नये, बघणाऱ्यावर खोटा आळ येतो. तू हसून हसून खाली बसलास.

"तुमच्यात बघितला तर आळ आणि आमच्यात न्हाई बघितला तर ईद न्हाई. त्या चंद्रानं करायचं तरी काय?"

मी बघितलं नाही. तू बघितलास, अर्धी विहीर काढलीस आणि मग उगाच घाबरल्याचं सोंग करून विचारलंस, यावर उतारा काय? आमच्याकडं उतारा आहे. चुकून बघितलाच तर शेजाऱ्याच्या दारात खडा टाकायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या. शिव्या बसल्या की आळ टळतो. "मग खडा कशाला, तूच दे की," म्हणालास. मी दिल्या. मला फारशा येत नाहीत, हे बघून तूच मला दोन-तीन नव्या शिकवल्यास.

मग माघातली चवथ आली.

त्या दिवशी चाचांकडं घाईचं काम होतं, माग थांबवता येत नव्हते. तू दुर्बीण पाठीला अडकवलीस, तिकाटणं गाडीच्या मागच्या सीटला बांधलंस आणि सांगलीच्या पश्चिमेला नदीकाठच्या मामांच्या गावी गेलास. तिथं माग नाहीत, गच्ची हलत नाही. चित्र काढून झाल्यावर, अंधार पडता पडता तू तिथून मला फोन केलास.

"फलटण, अर्धी विहीर उघडली बघ. काय काठ दिसतोय! असा कवाच दिसला नव्हता."

"आणि भेग?"

"भेग अजून अंधारात हाय. तिकडं ऊन पोचलं न्हाई. बरं ते सोड, आज चवथ हाय. शिव्या दे."

मी दिल्या. तूच शिकवलेल्या. हॉस्टेलच्या व्हरांड्यात पोरं वळून बघायला लागली एवढ्या दिल्या.

"बास बास, फिटलं," तू म्हणालास. "उरलेली बाजू उद्या. उद्या तू ये. तिकडची तू काढ, बघू तुझा हात."

मी म्हणालो, "बघू."

हा आपला शेवटचा शब्द. 

लाल ओढणी काळी पडून गेल्यावर तू तिथून निघालास. वाटेत उसानं भरलेली एक ट्रॉली टायर बसला म्हणून रस्त्यातच उभी होती. मागं दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. बाहेर आलेल्या उसाच्या कांड्याला एक लाल फडकं बांधलं होतं. आपल्याकडं सगळे तेच बांधतात. आमच्या गावात बांधतात, तुझ्या मामांच्या गावात बांधतात. लाल म्हणजे धोका, लाल बांधलं की आपली जबाबदारी संपली. दिवसाउजेडी ते लांबून दिसतं. आणि ज्या वेळी ते दिसायला पाहिजे नेमक्या त्याच वेळी ते काळं होतं, उसासारखं, रस्त्यासारखं. हे ज्याला पक्कं माहीत होतं असा त्या रस्त्यावर त्या संध्याकाळी तू एकटाच असशील. मुश्ताक, मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? याची.

दुसऱ्या दिवशी पंचमी होती. दुपार कलल्यावर तुला माती दिली. मीही मूठभर टाकली. मला आमची विहीर आठवली आणि तसं आठवल्याबद्दल माझीच लाज वाटली. परतताना आभाळ स्वच्छ होतं. राहिलेल्या बाजूवर ऊन आलं असणार, भेग उघडी पडली असणार. तुझी दुर्बीण तेव्हा पोलीस चौकीत होती.

आळ कुठून सुरू झाला ते मी शोधून काढलं आहे. तुझ्या पिशवीत ते चित्र निघालं, पाठीला दुर्बीण होती. ट्रॉलीच्या ड्रायव्हरनं ते बघितलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "पोरगं वर चंद्राकडं बघत आलं." बस्स. त्याला एक वाक्य पाहिजे होतं, ते तुझ्याच पिशवीत सापडलं. मग ते मोबाईलवरून फिरलं. कुणीतरी खाली हात जोडलेली चित्रं टाकली, कुणी लिहिलं की आजकालच्या पोरांना रस्त्याचं भानच नसतं. आमच्या गावापर्यंत गेलं. आई फोनवर रडली आणि रडता रडता म्हणाली, "म्हणलं नव्हतं मी? चवथीचा चंद्र, भादव्यातला असू दे न्हाईतर माघातला." मी तिला काय सांगू? तिचं अर्धं खरंच ठरलं. तू चवथीचा चंद्र बघितलास आणि तुझ्यावर खोटा आळ आला. फक्त तो माणसांनी घातला.

कॉलेजात शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार होता. एक सर म्हणाले, "चंद्राच्या वेडानं आमचा गुणी विद्यार्थी नेला." वाक्य छान होतं. पुढच्या बाकावरच्या मुलींनी डोळे पुसले. ज्यांनी तुझं चित्र कधी उलगडून बघितलं नव्हतं, तेही मान हलवत होते. मी मागं उभा होतो. सभा संपल्यावर धीर करून सरांना गाठलं.

"सर, चवथीचा चंद्र संध्याकाळी पश्चिमेकडं असतो. मुश्ताक पूर्वेला, सांगलीकडं येत होता. चंद्र त्याच्या पाठीमागं होता."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, आता दिशा काढून काय होणार? मुलगा तर गेला." मग म्हणाले, "ती दुर्बीण मिळाली की विभागात आणून दे बाबा. साहित्य-तपासणी आहे."

आणून दिली. कपाटात आहे. तिकाटणं मात्र दिलं नाही, ते चाचांचं आहे.

मी गप्प बसलोही असतो. गप्प बसायची मला सवय आहे. पण त्या चांदरातीला चाचांची खाली गेलेली मान बघितली. तुझ्या वडिलांनीही तेच धरलं होतं, की पोरगं चंद्र बघत गेलं, म्हणून गेलं. त्या दिवशी माग थांबवले असते तर ते गच्चीवरच राहिलं असतं. त्यांनी तुला पाय करून दिले आणि त्यांनीच तुला घराबाहेर काढलं. हे सगळं ते मला एका दमात बोलले आणि मग म्हणाले, "पण बाळा, गाडी चालवताना वर बघावं का माणसानं?" सरांनी काय समजायचं ते समजू दे. पण चाचांनी असं समजून म्हातारं व्हायचं, हे मला सहन होईना.

मी म्हणालो, "चाचा, आता परत चवथ येईल. माझ्याबरोबर त्या रस्त्यावर याल?"

ते खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "रोजा तिथंच सोडायला लागंल."

अम्मीनं डब्यात खजूर दिले. चाचांनी मागावरचं नवं पांढरं कापड घडी करून काखेत घेतलं, नमाजाला अंथरायला. त्यांच्या जुन्या स्कूटरवर आम्ही गेलो. जागा मला माहीत होती, मी तिथं आधी एकटा जाऊन आलो होतो. ट्रॉलीतून सांडलेला ऊस गाड्यांखाली चेचून चेचून रस्त्याला चिकटला होता. चाचांनी ते बघितलं आणि नजर काढून घेतली.

अजान लांबून ऐकू आली. त्यांनी खजूर तोंडात घातला, एक मला दिला, पाणी प्यायले. मग रस्त्याच्या कडेला बांधावर कापड अंथरलं. दिशा कुणाला विचारली नाही. त्यांना विचारावी लागत नाही. पश्चिमेला तोंड करून उभे राहिले. मी मागं थांबलो. मला काय बोलायचं ते मी वाटेत मनाशी म्हणत आलो होतो, ते सगळं विसरलो.

नमाज झाली. त्यांनी दुवेला हात उचलले आणि हातांच्या वर, जरा डावीकडं, चंद्र होता. समोर. इतक्या दिवसांनी त्यांनी त्याच्याकडं बघितलं, न बघता येण्यासारखं नव्हतंच. हात तसेच राहिले. मग ते सावकाश उठले, मागं वळले आणि सांगलीकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघितलं. परत चंद्राकडं. परत रस्त्याकडं.

"चांद हितं," ते म्हणाले.

"हो, चाचा."

"आणि त्येचं तोंड तिकडं."

"हो."

"मग पाठीला डोळं असत्यात व्हय कुणाला?"

 ते कापडावर खाली बसले आणि मोठ्यानं रडले. मातीच्या दिवशीसुद्धा ते असे रडले नव्हते. रडता रडता ते तुला शिव्या देत होते, तुमच्या भाषेत, काही मला कळल्या, काही नाही. मला एवढं कळलं, की ते तुला परत घरात घेत होते.

निघताना पुढं वळणाच्या अलीकडं एक ट्रॉली कडेला उभी दिसली. ड्रायव्हर टायरवर लाथा मारून हवा बघत होता. मागं फडकं होतं, लालच असणार. तेव्हा ते काळं होतं. चाचांनी स्कूटर थांबवली. काखेतलं कापड झटकलं आणि न विचारता उसाला बांधायला लागले.

"ओ चाचा! आवं काय करताय?"

"बांधतोय."

"पांढरं नगा बांधू की. मयताच्या गाडीवानी दिसतंय. मालक शिव्या देईल मला."

"खा शिव्या," चाचा म्हणाले. "मयताच्या गाडीला तरी लोक बाजू देत्यात."

ड्रायव्हर पोरसवदा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी नजर चुकवली नाही. तो काहीतरी पुटपुटत वर चढला. ट्रॉली हलली. पुढं त्यानं ते कापड सोडून फेकलं असेल, नाही असं मी म्हणत नाही. आपल्या लोकांना मी ओळखतो. पण वळणापर्यंत सगळी ट्रॉली अंधारात गेली होती, ऊस दिसत नव्हता, चाकं दिसत नव्हती आणि तेवढं पांढरं दिसत होतं.

घरी आल्यावर चाचांनी तुझं चित्र मला दिलं. चौकीतून ते त्यांना मिळालं होतं आणि त्यांनी ते उघडलंही नव्हतं. मी उघडलं. काठ इतका जिवंत आहे, मुश्ताक, की बोट लावलं तर खडी हाताला लागेल. ढासळलेला प्रत्येक दगड, त्याची सावली. आणि मध्यावर आल्यावर पेन्सिल थांबलेली. पलीकडं कोरा कागद.

सरांना ते अंकाच्या मुखपृष्ठासाठी पाहिजे आहे. पण अर्धं बरं दिसत नाही, म्हणाले. उरलेला भाग नेटवरच्या फोटोवरून कुणाकडून तरी भरून घेऊ, खाली तुझंच नाव राहील, तीच खरी श्रद्धांजली होईल. मी या वेळी नाही म्हणालो.  चित्र आहे तसं छापणार असाल तर हा लेखही घ्या, नाहीतर दोन्ही देणार नाही.  ते काय ठरवतील, मला माहीत नाही.

काल पंचमी होती. तुमच्या गच्चीवर तिकाटणं उभं होतं, त्यावर दुर्बीण नव्हती. खाली माग बंद होते. चाचा वर आले आणि कठड्याशी उभे राहून चंद्राकडं बघत होते.  दोरीवरची लाल ओढणी काळी पडली. डोळे तयार झाले होते. नुसत्या डोळ्यांना ती विहीर दिसत नाही. कुठं असेल तेवढं माहीत होतं. तिच्या दोन्ही बाजूंवर ऊन आलं असणार. तुझा कागद माझ्याजवळ होता, पेन्सिलही होती. मी काही काढलं नाही. मला दिसलं नव्हतं.

अंक बघून कुणी विचारेल, चित्र अर्धंच का. त्यांच्यासाठी इथं लिहून ठेवतो. त्या संध्याकाळी ऊन तिथपर्यंतच आलं होतं. मुश्ताकनं दिसलं तेवढं सगळं काढलं आहे.